प्रगतिपथावर असलेली लिफ्ट

'लिफ्टच्या दुरुस्तीचे काम प्रगतिपथावर आहे. सभासदांनी सहकार्य करावे.'

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, बंद लिफ्टच्या शेजारी असलेल्या काचेच्या फळ्यात ही दोन वाक्ये गेले कित्येक महिने लावलेली आहेत. मी ती जितक्या वेळा वाचली, तितक्या वेळा स्वतःच्या निवृत्तिवेतनाचा आदेशही वाचलेला नाही. माझ्या संतापाचे मूळ असे, की या नोटिशीत एकही शब्द खोटा नाही. तसे प्रतिज्ञापत्र मी स्वतः करून द्यायला तयार आहे.

मी कामोठ्यात पाचव्या मजल्यावर राहतो. माझी सारी नोकरी बेलापुरातील एका सरकारी कार्यालयाच्या विधी शाखेत गेली. साहेबांची सही होण्यापूर्वी प्रतिज्ञापत्राचा मसुदा माझ्या टेबलावर येई, आणि उद्या न्यायालयात जे विधान खोटे ठरू शकेल त्याच्याखाली मी लाल रेघ ओढी. त्या सवयीने माझे डोळे घडले. कागद दिसला की ते खोटा शब्द शोधू लागतात, आणि तो सापडला नाही तर कागद निर्दोष ठरवतात. नोकरीत या सवयीने मला मान मिळवून दिला. निवृत्तीनंतर तिनेच मला पाचव्या मजल्यावर कोंडून ठेवले. म्हणजे मला नव्हे, माझ्या पत्नीला.

माझी पत्नी घणसोली गावची, आणि धवलारीण आहे. आम्हां आगऱ्यांच्या लग्नात मांडव घालण्यापासून हळद लावण्यापर्यंत प्रत्येक विधीला धवले गाणारी बाई लागते. एकवेळ मांडवाला उशीर झालेला चालतो, पण धवलारिणीने सूर धरल्याशिवाय हळदीला हात लागत नाही. हे धवले तिला तिच्या आईने दिले. मोठ्या बहिणीचा गळा चालत नसे, म्हणून ते हिच्याकडे आले. एकदा मी ते उतरवून घेण्याचा प्रस्ताव मांडला होता.

"लिवलेला तुमच्या कामाचा," ती म्हणाली. "धवला तोंडानच ऱ्हातो."

तिचे दोन्ही गुडघे झिजले आहेत. लिफ्ट चालू होती तोवर काठी घेऊन ती बाजारात जाई, मासळीवालीशी भांडे, घणसोलीला जाऊन येई. लिफ्ट बंद पडली आणि डॉक्टरांनी जिने चढण्या-उतरण्याला सक्त मनाई केली. ते ऐकून घेण्यासाठीसुद्धा आम्हाला तिला खाली न्यावेच लागले होते. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून वॉचमन आणि तीन शेजारी तिला उचलून नेत होते. तिने उन्हासाठी डोक्यावरून पदर ओढून घेतला होता. दुसऱ्या मजल्यावर एक बाई दार उघडून बाहेर आल्या, चौघांच्या मधली ती झाकलेली आकृती त्यांनी पाहिली, चपला काढल्या आणि हात जोडले.

"अवो ताई, अजून हाय मी!" पदराआडून आवाज आला, तेव्हा त्या बिचाऱ्या घरातच पळाल्या.

त्यावर पुष्कळ हशा झाला. हीसुद्धा हसली. घरी परतल्यावर मात्र तिने सांगितले, "परत मना चौघांनी उचलाचा ता एकदाच." त्यानंतर ती खाली उतरली नाही.

अशा स्थितीत तिच्या बहिणीच्या नातीचे लग्न ठरले. हळद घणसोलीला, आणि धवले अर्थातच हिने गायचे. त्या दिवसापासून ती लिफ्ट माझ्या दृष्टीने यंत्र राहिली नाही. हळदीच्या आधी ती सुरू होणे, एवढेच मला हवे होते.

मला जे येते ते मी केले. मी पत्रे लिहिली. सोसायटीचे सेक्रेटरी पहिल्या मजल्यावर राहणारे, गोड बोलणारे, चाळिशीतले गृहस्थ आहेत. जिन्यात भेटले की म्हणत, "काका, टेन्शन कशाला घेताय? काम चालू आहे ना." परंतु तोंडी उत्तराला कायद्यात काय किंमत? मी लेखी विचारले: काम कोणत्या टप्प्यावर आहे? लेखी उत्तर आले: दरपत्रके मागवण्यात आली आहेत. मी ताळा केला. दरपत्रके खरोखरच मागवली होती. मी पुन्हा विचारले. उत्तर आले: प्राप्त तांत्रिक अहवालाचा अभ्यास सुरू आहे. अहवाल खरोखरच प्राप्त झाला होता. सेक्रेटरींनी तो मला उघडून दाखवला, वर चहाही पाजला. मी लाल पेन हातात धरून प्रत्येक उत्तर पुन्हा पुन्हा वाचले. रेघ ओढावी असा एक शब्द सापडला नाही. मग मी पत्नीला सांगे, "होतंय काम. लेखी दिलंय त्यांनी."

आमची मुलगी पुण्याला अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते. दोन पक्ष एकमेकांना संदेश पाठवतात तेव्हा फसवणूक नेमकी कशाला म्हणायचे, हे गणिताने ठरवण्याचा तिचा अभ्यास चालू आहे. या विषयाची मी नेहमी थट्टा करत आलो आहे. फसवणुकीची व्याख्या करायला गणित कशाला हवे? कायद्याने ती केव्हाच केलेली आहे. एका शनिवारी ती घरी आली, तेव्हा मी सोसायटीची उत्तरे तिच्यापुढे टाकली आणि म्हणालो, "यातले खोटे विधान दाखव."

तिने कागदांना हातही लावला नाही. "आबा, खोटं शोधूच नका. मला सांगा, लिफ्ट दुरुस्त करायचीच नाही असं ठरवलं असतं, तर त्यांनी फळ्यावर काय लावलं असतं?"

मी विचार केला. "हेच लावलं असतं."

"आणि खरंच दुरुस्त करत असते तर?"

"हेच."

"मग ती नोटीस वाचून तुम्हाला काय कळलं?"

तिचे म्हणणे असे, की संदेशात माहिती किती हे त्यातल्या शब्दांवर ठरत नाही. परिस्थिती वेगळी असती तर संदेश वेगळा आला असता का, यावर ते ठरते. दोन्ही परिस्थितींत जो एकच येतो, त्यात माहिती शून्य.

"शून्य माहितीने कोणी फसत नाही," मी वकिली केली. "खालची मासळीवाली रोज 'ताजा हाय, ताजा हाय' ओरडते. त्याने तुझी आई कधी फसली?"

"बरोबर. कारण ती रोज तेच ओरडते हे आईला माहीत आहे. आई ते ऐकतच नाही, सरळ कल्ले उघडून बघते. पण या फळ्यावर इतकी वर्षं काय लागत आलं?"

पाण्याच्या सूचना, मी म्हणालो. उद्या सकाळी पाणी येणार नाही, टाकी धुणार आहेत. आणि त्या सूचना कधीही खोट्या ठरल्या नव्हत्या. फळ्यावर पाणी नाही असे लिहिले की पाणी जात असे.

"म्हणून तुम्ही त्या फळ्यावर विश्वास ठेवता. ती पत त्यांनी पाण्यावर कमावली आणि लिफ्टवर खर्च केली. मासळीवालीकडे खर्चायला पतच नाही."

हे मला पटले, आणि पटल्यामुळे राग दुणावला. मी कागद ओढून व्याख्या लिहायला बसलो. कलम लिहिल्याखेरीज माझ्या डोक्यात कोणतीही गोष्ट ठरत नाही. 'संदेश पाठवणाऱ्याने, घेणाऱ्याची समजूत वस्तुस्थितीपासून दूर जावी, वा दूर असलेली तशीच राहावी, म्हणून संदेश निवडला असेल, आणि त्या समजुतीमुळे घेणाऱ्याने स्वतःच्या तोट्याची व पाठवणाऱ्याच्या फायद्याची कृती केली असेल, तर ती फसवणूक होय. स्पष्टीकरण: संदेशातील शब्द खरे आहेत, हा बचाव ग्राह्य धरला जाणार नाही.'

मुलीने वाचून एक दुरुस्ती सुचवली: 'कृती केली असेल' याच्यापुढे 'किंवा करायची टाळली असेल'. ती म्हणाली, "आबा, खरं आधीच कळलं असतं तर तुम्ही काय केलं असतं, ते बघा. तुमचा तोटा तिथे आहे."

खरे आधीच कळले असते, तर मी पहिल्याच महिन्यात बेलापूरला सहकार निबंधकांकडे तक्रार दाखल केली असती. सहाव्या-सातव्या मजल्यांवरच्यांनीही केली असती. आम्ही कोणीच केली नव्हती, कारण काम प्रगतिपथावर होते.

पत्नी पलंगावर बसून लसूण सोलत हे सारे ऐकत होती. "मंग यांचा काय?" तिने मुलीला विचारले. "जेवान कसा झाला विचारला का रोज बोलतात, छान. खारट झाला तरी छान, करपला तरी छान. ह्याच्यान माहिती किती?"

"शून्य," मुलगी म्हणाली.

"आनि कलम कंचा लागतो?"

"आई, तुला खरं माहीत असतं ना?"

"मंग काय! ताट बघितला का समजतो मना. भात टाकलेला असतो."

"मग नाही लागत."

दोघी माझ्याकडे बघून हसत राहिल्या. त्या हसण्यात मी सामील झालो नाही. माझ्या डोक्यात पुढचे पत्र तयार होत होते.

आजवर मी अशीच पत्रे लिहिली होती, की दोन्ही परिस्थितींत ज्यांचे उत्तर एकच देता येईल. आता मी असे पत्र लिहिले, की ज्याचे उत्तर खऱ्या हेतूप्रमाणे वेगळे द्यावेच लागेल. लिफ्टला जो सुटा भाग लागणार आहे त्याचा संपूर्ण खर्च मी देतो, परतफेड नको. भागाचे नाव कळवावे. काम खरोखर करायचे असेल, तर हे कोण नाकारील? सेक्रेटरी तर धावत पाच मजले चढून येतील.

ते आले नाहीत. उत्तर आले: आपला प्रस्ताव योग्य वेळी समितीपुढे ठेवण्यात येईल. मी लाल रेघ ओढली नाही, कारण याही वाक्यात खोटे काही नव्हते. पण या वेळी मला सारे कळले.

पुढच्या रविवारी पार्किंगमध्ये सोसायटीची सभा होती. विषय पुनर्विकासाचा होता. बिल्डर तयार होता, संमतीपत्रे गोळा होत होती, आणि वरच्या मजल्यांवरच्या बहुतेकांनी सह्या केल्या होत्या. सातव्या मजल्यावरच्या विधवा बाईंनी मला जिन्यातच सांगितले होते, "भाऊ, मला घर सोडायचं नव्हतं. पण किती दिवस पाण्याच्या बाटल्या घेऊन चढू?" खाली बसलेल्या त्या माणसांकडे बघताना मला लिफ्टच्या मौनाचा उपयोग दिसला. जितके दिवस लिफ्ट बंद, तितक्या सह्या.

मी उभा राहून फसवणुकीचा आरोप केला. सेक्रेटरी रागावले नाहीत.

"काका, तुम्ही कायद्याची माणसं. नोटिशीतला एक शब्द खोटा दाखवा, मी आत्ता राजीनामा देतो."

"एकही खोटा नाही," मी म्हणालो.

लोक हसले. मागून कोणी तरी ओरडले, "काका, मग बसा ना खाली!"

"मला एकच विचारायचं आहे. पुनर्विकासाचा निर्णय होईपर्यंत लिफ्टवर खर्च करायचा नाही, असं समितीने ठरवलं असतं, तर तुम्ही नोटीस बदलली असती का?"

सेक्रेटरींनी खजिनदारांकडे पाहिले. खजिनदार खालच्या फरशीकडे पाहू लागले.

"बोला ना," सातव्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या. "बदलली असती की नसती?"

"तसं... समितीचं मत पडलं होतं, की सध्या खर्च नको," सेक्रेटरी म्हणाले. "पण दरपत्रकं मागवली होती ना? काम थांबवलंय असं कुठं लिहिलंय आम्ही? काका, बिल्डिंग पाडायची असेल तर नवी मोटर बसवून काय उपयोग? सगळ्यांचा पैसा वाचवला."

आरडाओरडा झाला. कोणी संमती मागे घेतो म्हणाले, कोणी म्हणाले जाऊ दे, नवी बिल्डिंग होतेय ना. मी खटला जिंकलो होतो, आणि जिना चढून घरी येता येता मला उमगले की त्या विजयाने लिफ्ट एक इंचही वर सरकणार नव्हती. हळद चार दिवसांवर आली होती. दुसऱ्या दिवशी बेलापूरला जाऊन मी रीतसर तक्रार दाखल केली. तिथल्या कारकुनाने नीट ऐकून घेतले, पोच दिली आणि सांगितले, की दुसऱ्या बाजूला नोटीस जाईल, मग सुनावणी. नियम मला पाठ आहे. नियमाप्रमाणेच व्हायला हवे, हेही मला मान्य आहे. पण बाहेर येऊन स्टेशनच्या जिन्यावर मी नियमालाच शिव्या दिल्या.

घरी पत्नी शांत होती. "मना तसा पन जावाचा नव्हता," ती म्हणाली. "बायनं दुसरी धवलारीन बघितली हाय. तुमी जीव जालू नका."

बाय म्हणजे तिची मोठी बहीण. माझ्या मनावरचे ओझे उतरले, आणि तत्क्षणी मुलीचा प्रश्न डोक्यात उभा राहिला. दुसरी धवलारीण मिळाली नसती, तर ही मला काय म्हणाली असती? हेच म्हणाली असती.

मी बाल्कनीचे दार लावून घेऊन घणसोलीला फोन केला.

"दुसरी?" मेव्हणी म्हणाल्या. "कोन दुसरी? भावोजी, ती तर रोज सांगते, लिफ्टचा काम चाललाय, मी येतेच. म्हनून आमी कोनाला बघितलाच नाय. आता गावान कोन मिलनार? दोन लगना हायेत त्याच दिवशी."

म्हणजे फळ्यावरचे वाक्य पाच मजले चढून माझ्या तोंडून माझ्या पत्नीकडे गेले होते, आणि तिच्या तोंडून खाडीकाठच्या घणसोलीपर्यंत. तिथेही एक कृती टळली होती. सेक्रेटरींना त्या घराचा पत्ताही ठाऊक नव्हता. माझ्या कलमात अशा तोट्याला जागा नव्हती.

मी आत आलो. तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहून ओळखले. "सांगितला तिनं?"

"खुर्चीत बसशील?"

"नाय."

"मग?"

"चालत उतरते. हलू हलू."

हळदीच्या सकाळी तिने नेसून, अंबाडा घालून, कठडा धरला. मी एक पायरी खाली, तिच्याकडे तोंड करून, पाठीमागे उतरत होतो. चौथ्या मजल्याच्या वरच्या वळणावर उजवा गुडघा अडला. तो वाकेना आणि सरळही होईना. खाली जाता येत नव्हते, वर येता येत नव्हते. ती जिन्यातच बसली, आणि मी तिच्या शेजारी. येणारे-जाणारे आमच्या बाजूने अंग चोरून जात होते. प्रत्येक जण विचारत होता, "काय झालं?" तिने प्रत्येकाला सांगितले, "वारा खातोव." शेवटी मी आणि वॉचमनने दोन्ही बाजूंनी धरून तिला परत वर आणले. सारे अंग घामाने भिजले होते. अंबाड्यातली वेणी मात्र तिने काढली नाही.

मग मेव्हणींच्या घरून फोन आला. त्यांच्या नातवाने फोन मांडवातल्या स्पीकरला जोडला होता. पत्नी खिडकीपाशी खुर्ची घेऊन बसली, तिथे रेंज चांगली येते. पलीकडून भांड्यांचा, बायकांचा, कुणाच्या तरी ओरडण्याचा आवाज येत होता. "गप ऱ्हावा गं, मावशी गाते!" आणि तिने डोळे मिटून सूर धरला.

इतक्या वर्षांत मी तो धवला कितीदा ऐकला असेन, पण मांडवात, गर्दीत, पाठीमागून. समोर बसून, एकट्याने, प्रथमच ऐकत होतो. निम्मा झाला असेल, तेव्हा माझे लक्ष तिच्या मांडीवरच्या फोनकडे गेले. पडदा काळा झाला होता. फोन कट झाला होता.

ती गात राहिली. मी थांबवले नाही. थांबवायला हवे होते की नाही, हे मी आजही ठरवू शकलेलो नाही. धवला पूर्ण करून तिने डोळे उघडले.

"ऐकू गेला सगला?"

'गेला' म्हणणे फार सोपे होते. माझे तोंड उघडलेही होते.

"मध्येच कट झाला," मी म्हणालो.

"ठाव हाय मना. तिकरचा आवाज गेला तवाच समजला. पन धरलेला धवला अर्धा सोराचा नसतो." आणि फोनकडे बोट दाखवून, "लावा परत."

मी लावला. मेव्हणींनी पहिल्याच घंटेला उचलला. मागे हुंदके होते की हसणे, ते नीट कळत नव्हते.

"सगला ऐकला गं!" त्या मोठ्याने म्हणाल्या. "शेवटपरत ऐकला. हलद लागली!"

पत्नीने माझ्याकडे पाहिले. मी लाल रेघेचा माणूस. जन्मभरात इतके स्वच्छ खोटे विधान माझ्या कानी आले नव्हते. ते खोटे आहे हे त्यांना ठाऊक होते, हिला ठाऊक होते, मला ठाऊक होते. माझ्या व्याख्येचे एकही अंग तिथे लागू पडत नव्हते.

"बरा झाला," पत्नी बहिणीला म्हणाली. "मंग आता दुसरा ऐक." आणि फोन तोंडाजवळ घेऊन तिने पुढचा धवला धरला.

सुनावणीची तारीख अजून लागलेली नाही. संमतीपत्र दोनदा आमच्या दारात आले. मी सही केली नाही. पत्नी म्हणते, करून टाका, तळमजल्यावर भाड्याने राहू, मना रस्ता बघाचा हाय. तिचे हे म्हणणे मी त्या प्रश्नाला लावून पाहिले. नुसते मला बरे वाटावे म्हणून ती बोलत असती, तर मागच्यासारखेच म्हणाली असती, मना तसा पन जावाचा नाय. म्हणजे हे ती खरोखर मागते आहे. काल मी ते संमतीपत्र पेनासह टेबलावर काढून ठेवले आहे. खाली फळ्यावर नोटीस तशीच आहे.